मुलाला अंडकोषात अचानक कळ आली आणि अर्ध्या तासात गेली, आता काय करू?

पारिजात:
मुलगा १४ वर्षांचा आहे. परवा पहाटे साडेतीनला झोपेतून उठून आला, पोट दुखतंय म्हणाला, घामाने भिजलेला, एक उलटीपण झाली. मी अपचन समजून गोळी शोधत होते तेवढ्यात त्याने बाबांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं की खाली दुखतंय, डाव्या बाजूला. आम्ही कपडे बदलून निघणार तर अर्ध्या तासात दुखायचं एकदम थांबलं, जसं आलं तसं गेलं, आणि तो झोपला. सकाळी फॅमिली डॉक्टरांनी बघितलं, सूज नाही, लघवीचा रिपोर्ट नॉर्मल, तरी इन्फेक्शन असेल म्हणून ५ दिवसांची अँटिबायोटिक दिली. नंतर खोदून विचारलं तेव्हा कळलं की दीड महिन्यापूर्वी फुटबॉल खेळून आल्यावरही असंच झालं होतं, लाजेने बोलला नाही. आता एकदम ठणठणीत आहे आणि परत दाखवायला अजिबात तयार नाही. गोळ्या संपेपर्यंत थांबू का?

वाटाड्या:
ताई थांबू नका. मी १६ वर्षांचा असताना दुपारी असंच सुरू झालं, घरात कोणाला सांगायची लाज वाटली म्हणून रात्रभर पाय पोटाशी घेऊन पडून राहिलो, दोनदा उलटी झाली तर आईला म्हणालो पित्त झालंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुखणं कमी झालं, मला वाटलं सुटलो, पण रक्त न मिळाल्याने तो वृषण मेला होता म्हणून कमी झालं होतं. काढावा लागला. आज मला दोन मुलं आहेत, एकावर सगळं नीट चालतं, पण त्या रात्री तोंड उघडलं असतं तर दोन्ही राहिले असते हे अजून सलतं. त्याला हे वाचायला द्या, हवं तर.

किनारा:
एवढं घाबरू नका, मला ३८ व्या वर्षी झालं होतं, इन्फेक्शनच निघालं. दोन-तीन दिवस हळूहळू वाढत गेलं, ताप आला, लघवीला जळजळ, मग १० दिवसांच्या अँटिबायोटिकने गेलं. हाताने वर उचलून धरल्यावर बरं वाटत असेल तर इन्फेक्शन, नाहीतर वृषणाला पीळ, असं मला तेव्हा सांगितलेलं, ते करून बघा.

रात्रपाळी_डॉ:
पारिजात ताई, मी सर्जरीत आहे. न बघता निदान करत नाही, पण वाचताक्षणी पहिली शंका येते ती वृषणाला पीळ पडून आपोआप सुटल्याची. वृषण ज्या दोरीला लोंबतो तिच्यातूनच त्याचा रक्तपुरवठा येतो. काही मुलांत तो आजूबाजूला नीट चिकटलेला नसतो, घंटेच्या लोलकासारखा मोकळा हलतो, मग झोपेत किंवा खेळताना गरकन फिरतो आणि रक्त बंद होतं. फिरून जागेवर आला की मूल ठणठणीत, तपासणी नॉर्मल, सोनोग्राफीसुद्धा नॉर्मल येऊ शकते. म्हणून मधल्या काळातल्या नॉर्मल रिपोर्टवर मी निर्धास्त होणार नाही, आणि अचानक कळ, उलटी, लघवी साफ हे चित्र इन्फेक्शनचं वाटत नाही. याच आठवड्यात युरोलॉजिस्ट किंवा मुलांच्या सर्जनना दाखवा आणि दोन्ही वेळचं सगळं सांगा.

किनारा, तुमचं इन्फेक्शनच होतं, हळूहळू वाढणं, ताप, जळजळ सगळं जुळतं. पण ती उचलून बघायची टेस्ट भरवशाची नाही, कृपा करून कोणी तिच्यावर घरी थांबू नका. पीळ १२ ते १८ वयात जास्त दिसतो, तरी तान्ह्या बाळात आणि चाळिशीतही पडतो. आम्ही बघतो ते असं की दुखरा वृषण वर ओढला गेलाय का, आडवा झालाय का, दगडासारखा लागतोय का, आणि मांडीच्या आतल्या बाजूला हात फिरवला की तो वर सरकतो का. पीळ असेल तर बहुतेक वेळा सरकत नाही. ७ ते १४ च्या मुलांत वृषणावरचा एक छोटासा कोंब पिळतो, तोही असाच दुखतो आणि नुसत्या आरामाने आणि वेदनाशामकाने बरा होतो, पण दोन्हीतला फरक घरी ठरवायचा नाही.

पारिजात:
आणि आज रात्रीच परत दुखलं तर? फॅमिली डॉक्टरांना फोन करू का आधी?

रात्रपाळी_डॉ:
नाही, फोनमध्ये वेळ घालवू नका, जिथे रात्री ऑपरेशन होतं अशा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत थेट जा. सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा, ६ तासांच्या आत पीळ सोडवला तर १० पैकी ९ पेक्षा जास्त वेळा वृषण वाचतो, २४ तासांनंतर क्वचितच. खायला प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागेल. तिथे पोट दुखतंय म्हणू नका, अंडकोषात अचानक कळ आलीय असं स्पष्ट सांगा, नाहीतर पोट तपासण्यातच वेळ जातो. शंका पक्की असेल तर सर्जन डॉप्लरसाठीही (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) थांबत नाहीत, उघडून बघतात. आणि वाटेत दुखणं थांबलं तरी गाडी वळवू नका.

वाटाड्या:
हे शेवटचं वाक्य मला तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं.

पारिजात:
अपडेट देते. चौथ्या दिवशी सर्जनकडे गेलो. त्यांनी आम्हा दोघांना बाहेर बसवून त्याच्याशी एकट्याशी बोलणं केलं आणि तेव्हा बाहेर आलं की दोनदा नाही, चारदा झालं होतं. सोनोग्राफी नॉर्मलच आली, तरी ते म्हणाले की ही हकिगत पुरेशी आहे. काल ऑपरेशन झालं, आत खरंच दोन्ही बाजूंना मोकळेच निघाले, रात्रपाळी_डॉ लोलकासारखं म्हणाले होते तसंच, म्हणून दोन्हीकडे टाके घालून जागेवर पक्के केले. वृषण चांगला आहे, रंग व्यवस्थित. काही आठवडे खेळ बंद. वाटाड्या, तुमचं लिहिलेलं त्याने ऑपरेशनच्या आदल्या रात्री वाचलं, आणि मग स्वतःच त्याच्या धाकट्या भावाला बोलावून सांगत बसला होता.