एम.एड.चं डिझर्टेशन: चौथीची शाब्दिक उदाहरणं, पद्धत कुठली घेऊ?

वर्गशिक्षिका_दांडियाबाजार
नमस्कार सगळ्यांना. मी बडोद्यात गुजराती माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवते आणि नोकरी सांभाळून एम.एड. करतेय. डिझर्टेशनचा विषय द्यायचाय आणि तिथेच अडकलेय.

माझ्या वर्गात बरीच मुलं मराठी घरातली आहेत. वजाबाकी मांडून दिली की पटापट करतात, पण तीच शाब्दिक उदाहरणात आली की गडबड होते. मागच्या महिन्यात वह्या तपासत होते, उदाहरण होतं, टोपलीमां २५ केरी हती, ९ खवाई गई, केटली वधी? एका मुलीने ३४ लिहिलेलं, अगदी सुवाच्य, उत्तराखाली पट्टीने दोन रेघा मारून. मला वाटलं घाईत चुकली. पुढच्या वहीत पण ३४, अजून एकात पण, आणि तिघंही मराठी घरातली. मग डोक्यात आलं की गुजरातीत 'वधी' म्हणजे उरली, आणि आपल्या मुलांच्या कानाला ते 'वाढली' लागत असणार, वाढली म्हणजे बेरीज! मी इथेच जन्मले, दोन्ही भाषा बोलते, तरी इतक्या वर्षांत हे कधी लक्षात आलं नाही याचं फार वाईट वाटलं.

आता मार्गदर्शक सर म्हणतात प्रायोगिक पद्धत घ्या, अ तुकडी प्रायोगिक गट, ब तुकडी नियंत्रित गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, मग टी टेस्ट (दोन सरासरींतला फरक योगायोगाचा की खरा ते बघायची), चार महिन्यांत होतं. मैत्रीण म्हणते सर्व्हे कर, पण सॅम्पल २७८ पाहिजे, तसं टेबल आहे म्हणे. संशोधन पद्धतीचं पुस्तक वाचलं, ऐतिहासिक, वर्णनात्मक, प्रायोगिक, व्याख्या पाठ झाल्या, पण माझ्या त्या ३४ चं काय करायचं ते काही सापडेना. दोन तुकड्या मिळून ७० मुलं आहेत, त्यातली मराठी घरातली १९. काय करू?

मधली_सुट्टी
ताई, विषय सोडू नका, फार चांगला हाती लागलाय. मी याच शहरात पीएच.डी. केली, दीड वर्ष चुकीच्या वाटेने गेले म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रयोग करायचा म्हणजे तुमच्याकडे काहीतरी उपाय तयार पाहिजे, नवीन शिकवण्याची रीत, कार्डं, काहीही, आणि तो लागू पडतो का ते बघायचं. तुमच्याकडे अजून उपाय कुठाय? मुलं नेमकी कुठे अडकतात हेच अजून बघायचंय. ते न बघता अ तुकडीला काहीतरी शिकवलं आणि मार्क वाढले तर ते कशामुळे वाढले हे तुम्हाला पण सांगता येणार नाही. त्यात अ तुकडी तुमची, ब ला दुसऱ्या बाई, मुलं काही चिठ्ठ्या टाकून वाटलेली नाहीत. दोन गटांत आधीपासून फरक असणारच, म्हणून तर त्याला अर्धप्रायोगिक म्हणतात.

तुम्हाला आत्ता लागतंय ते चुकांचं विश्लेषण. ऑस्ट्रेलियात अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ मध्ये शाब्दिक उदाहरणांसाठी एक रीत मांडली, मला स्वतःला फार उपयोगी पडली. चुकलेलं उदाहरण मुलाला परत द्यायचं आणि ओळीने पाच गोष्टी विचारायच्या. मला वाचून दाखव. काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग. हे कसं सोडवशील, बेरीज की वजाबाकी की आणखी काही. आता करून दाखव. उत्तर लिही. मूल पहिल्यांदा जिथे अडतं ती चूक त्या पायरीची. तुमची ती रेघा मारणारी मुलगी बहुतेक दुसऱ्या पायरीवर अडेल, पण 'बहुतेक' हा माझा अंदाज झाला, तुम्हाला तिच्या तोंडून ऐकायचंय. "तुझ्या शब्दांत" म्हणताना मराठीत सांगायची मुभा द्या हं, नाहीतर भाषेचीच अडचण परत मध्ये येईल.

आणि समोर खुर्ची टाकून बसू नका. शेजारी बसा, सतरंजीवर. माझ्याकडे पहिल्या दोन मुलांनी "पेपर आहे का?" विचारलं आणि पुढे सगळ्याला नुसतं हो म्हणत राहिली, ती दोन्ही मुलाखती मला टाकून द्याव्या लागल्या.

आकडेमोड
मधली_सुट्टी यांच्याशी सहमत. आकड्यांबद्दल थोडं माझं.

ते २७८ चं टेबल क्रेजसी आणि मॉर्गन यांचं, १९७० सालचं. १००० लोकांच्या समूहाबद्दल सर्व्हेतून टक्केवारीचा अंदाज काढायचा असेल तर २७८. तुम्ही मुलाशेजारी बसून अर्धा अर्धा तास बोलणार, तिथे त्या टेबलाचा संबंधच नाही. तसंच १९ मुलं म्हणजे टी टेस्ट चालत नाही असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. ती काढलीच मुळात छोट्या नमुन्यासाठी, गॉसेट म्हणून डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करायचे, त्यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या नावाने छापली.

पण ताई एक गोष्ट खटकतेय. तुम्ही धरूनच चाललाय की चूक मराठीमुळे होते. गुजराती घरातल्या मुलांना 'वधी' विचारून बघितलंय का? गुजरातीत त्याच क्रियापदाचा अर्थ वाढणं पण होतो ना, मग तीही चुकत असतील तर? फक्त १९ मुलं घेतलीत तर हे कधीच कळणार नाही. अजून एक, उदाहरणांच्या जोड्या करा. एकात 'केटली वधी', जोडीदारात 'केटली बाकी रही', अवघडपणा सारखा पण आकडे वेगळे, नाहीतर मागचं आठवून लिहितात. निम्म्या मुलांना आधी हे, निम्म्यांना आधी ते. मग प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, दोन गट सारखे आहेत का ही कटकट निदान त्या प्रश्नापुरती जाते.

वर्गशिक्षिका_दांडियाबाजार
बापरे, गुजराती मुलांचं डोक्यातच आलं नव्हतं. मी चूक बघितली आणि कारण पण लगेच ठरवून टाकलं. पण मग पद्धतीचं नाव काय लिहू? फॉर्ममध्ये रकाना आहे.

निवृत्त_गुरुजी_रावपुरा
बाळ, वर्णनात्मक लिही, त्यात लेखी चाचणी आणि मुलाखत, दोन्ही साधनं. पुढे उपाय शोधून स्वतःच्या वर्गात करून बघशील, नोंदी ठेवशील, परत बदलशील, ते कृतिसंशोधन, ते वेगळं काम. आत्ता दोन्ही एकत्र करू नकोस.

एकदम सगळ्यांवर जाऊ नको, आधी दुसऱ्या शाळेतल्या पाच-सहा मुलांवर उदाहरणं करून बघ. आपल्या सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं तेव्हा १८९३ मध्ये आधी अमरेली तालुक्यात करून बघितलं, अख्ख्या राज्याला १९०६ मध्ये लागू केलं. मी विद्यार्थ्यांना पायलट स्टडी शिकवताना नेहमी हेच सांगायचो, त्यांना लगेच कळायचं.

परवानगीचं विसरू नको. मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांची सही, पत्र गुजराती आणि मराठी दोन्हीत काढ. मुलांची नावं प्रबंधात नकोत, म१, म२, ग१ असं कर. मूल नको म्हणालं तर आग्रह नाही, तू त्याची वर्गशिक्षिका आहेस, त्याला नाही म्हणणं जड जातं.

आणि आधीचं काम बघितल्याशिवाय विषय देऊ नको. शोधगंगावर देशभरचे पीएच.डी.चे प्रबंध घरबसल्या मिळतात, त्याआधी आपल्या विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत एक दिवस काढ. भारतातल्या शैक्षणिक संशोधनाचा पहिला मोठा आढावा १९७४ मध्ये आपल्या बडोद्यातूनच निघाला, एम. बी. बुच यांनी संपादित केलेला, तो उघडून बघ.

वर्गशिक्षिका_दांडियाबाजार
तीन आठवड्यांनी लिहितेय, शाळेत परीक्षा होत्या. पालकांच्या सह्या घेतल्या आणि मैत्रिणीच्या शाळेत सहा मुलांवर करून बघितलं, तीन मराठी घरातली, तीन गुजराती. मराठीतली दोघं 'वधी' ला चुकली आणि 'बाकी रही' ला बरोबर. पण गुजराती घरातल्या एका मुलीने पण बेरीजच केली! शेजारी बसून विचारलं तर म्हणाली, "वधी एटले वधारे थई ने!", म्हणजे जास्त झाली ना! मी गप्पच झाले. विषयाच्या नावातून 'मराठीभाषक विद्यार्थी' काढून टाकलंय, आता दोन्ही घरांतली मुलं आहेत. सरांना वह्यांचे फोटो दाखवले, त्यांनी नीट बघितले आणि हो म्हणाले. आता एकच विचारते, गुजराती घरातली १९ च घेऊ की सगळी ५१?

आकडेमोड
लेखी चाचणी सगळ्या ७० जणांची घ्या, एका तासात होते. मुलाखती चुकलेल्यांच्या, आणि बरोबर आलेल्यांतल्या पण चार-पाच जणांच्या घ्या. शब्द न वाचता नुसते आकडे बघून मोठ्यातून लहान वजा करणारी मुलं असतात, ती लेखी पेपरात सापडत नाहीत.