पंपाच्या जाहिरातीत भिजलेली बाई कशाला?

गोदाकाठची:
मुंबई नाक्याजवळ सबमर्सिबल पंपाचं नवीन होर्डिंग लागलंय. पंप कोपऱ्यात एवढुसा, मधोमध भिजलेली बाई, तिचा चेहरा पण नाकापासून वर कापलेला, आणि खाली 'दमदार प्रेशर'. डीलरला फोन केला तर म्हणे ताई, एजन्सीने केलंय, तुम्हाला एवढं काय लागलं. तक्रार करतोय, सही कोण कोण करतंय?

सिडकोकर:
झालं सुरू! मॉडेलने पैसे घेऊन फोटो काढलाय, तिला चालतं तर तुमचं काय जातंय? बनियनच्या जाहिरातीत पुरुष उघडे असतात तेव्हा कुणी बोंबलत नाही.

गोदाकाठची:
बनियन घालायला माणूस लागतोच, पंपाला बाई कुठे फिट करतात ते सांगा. मॉडेलवर राग नाहीये, तिने काम केलं.

नाना:
ताई शंभर टक्के बरोबर. आपल्या संस्कृतीत बाईने अंगभर कपड्यात राहावं. काळं फासायला मी येतो.

गोदाकाठची:
नाना, तुम्ही नका येऊ 🙏 १९९६ ला बंगळूरला मिस वर्ल्ड झाली तेव्हा हेच झालं, स्त्री संघटना पण विरोधात आणि संस्कृतीवाले पण, आणि शेवटी काय तर स्विमसूट राऊंड सेशेल्सला नेला, बाकी सोहळा जसाच्या तसा. म्हणजे ऐकलं कुणाचं, तर तुमचं. ही बाई नऊवारीत असती आणि अशीच डोकं कापून लावली असती तरी मी तक्रार केलीच असती.

काळाकोट:
१९८६ चा कायदा आहे, स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, २ हजारांपर्यंत दंड. व्याख्येत स्त्रीची मानहानी पण आहे आणि सार्वजनिक नीतिमत्ता पण, त्यामुळे नानासुद्धा खूश. त्यापेक्षा आधी जाहिरातवाल्यांचीच नियम बघणारी संस्था आहे आस्की (ASCI), तिच्याकडे तक्रार ऑनलाइन टाका, फुकट आहे.

सिडकोकर:
२ हजार?? एवढ्यात होर्डिंगचा फ्लेक्स पण येत नाही. घ्या सह्या.

पिंपळगावची सून:
आमच्याकडे मोटर जळली की दुकानात मी जाते, तिथे पहिला प्रश्न 'मालक नाही आले?' द्राक्षाला डिपिंग करायला, एकेक घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या, मगात बुडवायला सगळ्या बायकाच, पण औषधाच्या एका पोस्टरवर ती बाई दिसू दे. सही घ्या, पण तक्रारीत हे पण लिहा.

सिडकोकर:
वहिनी, हातात तो औषधाचा मग धरलेली बाई लावली तर पंप विकेल का पण?

पिंपळगावची सून:
मागचे दोन्ही पंप मीच घेतलेत भाऊ, फ्लेक्स बघून नाही, वॉरंटी बघून.

गोदाकाठची:
लिहिते. कुणाकडे दिवसाचा फोटो आहे का, माझ्या फोटोत लाइटमुळे कंपनीचं नावच दिसत नाहीये.