'वितरण', 'शोषण' की 'मुरणे'?

प्रश्न: बुरशीमुळे होणाऱ्या त्वचारोगांवरील नॅनो औषधांविषयीच्या एका माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करताना 'ड्रग डिलिव्हरी'साठी मी 'औषध वितरण' असे लिहिले होते. मजकूर तपासणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तो शब्द खोडला, कारण वितरण म्हणजे दुकानांना माल पोचवणे असेच रुग्ण समजतील, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याऐवजी कोणता शब्द योजावा?

उत्तर: बाईंची हरकत अगदी रास्त आहे. वितरणात अनेकांना वाटून देणे येते. इथे वाटायचे काहीच नाही, औषध नेमक्या जागी नेऊन ठेवायचे आहे. शास्त्रीय लेखात 'औषधवहन' आणि 'वाहक कण' हे शब्द चांगले चालतात. लायपोसोम हा असाच एक वाहक कण, म्हणजे फॉस्फोलिपिड या मेदाच्या दुहेरी पडद्याची पोकळ पुटिका (इवलीशी पिशवी); तिला 'मेदपुटिका' म्हटले की रचनाही डोळ्यांसमोर येते. 'नॅनो' मात्र तसेच ठेवावे किंवा 'अब्जांश' म्हणावे, कारण नॅनोमीटर हा मीटरचा अब्जावा भाग असतो. 'अतिसूक्ष्म' म्हणणे मोघम ठरते: गजकर्णाच्या बुरशीचा तंतूही डोळ्यांना दिसत नाही, पण तो काही मायक्रोमीटर (एक मायक्रोमीटर म्हणजे हजार नॅनोमीटर) रुंद असतो आणि १०० नॅनोमीटरची मेदपुटिका त्याहून कितीतरी पटींनी लहान असते.

रुग्णासाठी लिहिताना मात्र मी 'मुरणे' हे क्रियापद आग्रहाने सुचवेन. 'शोषण' म्हटले की औषध रक्तात गेले असा अर्थ निघतो, आणि 'झिरपणे' म्हटले की ते आरपार गेले असे वाटते. गजकर्णाची बुरशी राहते ती त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत, केराटिनयुक्त (केराटिन म्हणजे नखे-केसांतले चिवट प्रथिन) थरात, ज्याची जाडी अंगाच्या बहुतेक भागांवर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर असते. त्यामुळे औषध त्याच थरात शिरून रेंगाळले पाहिजे. मेदपुटिका सहसा अखंड खोल जात नाहीत, वरच्या थरांतील मेदात मिसळतात आणि तिथे औषधाचा साठा करतात. काही वाहक कण केसांच्या मुळांशी असलेल्या खळग्यांतही साचतात. कैरीच्या फोडीत मीठ शिरते आणि फोडीतच राहते, तसेच हे आहे.

रोगांची नावेही तपासून घ्यावीत. गोल, कडेने लाल व खवलेदार चट्ट्याला गजकर्ण किंवा नायटा, पाठीवर-छातीवर उमटणाऱ्या फिकट डागांना शिबे, आणि पावसाळ्यात चिखलात राबणाऱ्यांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत होतात त्या चिखल्या. खरूज या यादीत घालू नये. ती बुरशीने नव्हे, किडीने होते.

प्रश्नकर्त्याची शंका: 'ताप अंगात मुरला' असे आपण म्हणतो, तेव्हा 'मुरणे' रुग्णाला अशुभ वाटणार नाही का?

उत्तर: ती छटा 'ताप' या कर्त्यामुळे येते. जमिनीत पाणी मुरले म्हणताना शेतकऱ्याला समाधानच वाटते. तरीही शंका राहत असेल, तर कर्ता स्पष्ट ठेवून 'हे मलम कातडीत मुरते आणि औषध तिथेच टिकून राहते' असे पूर्ण वाक्य लिहावे. मथळ्यात 'औषधवहन' आणि मजकुरात 'मुरणे' अशी योजना केल्यास बाईंचीही हरकत नसावी.