सगळं फोनवर मिळतं, मग शाळेने शिकवायचं काय?
(चर्चा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

गोदाकाठ
पैठण तालुक्यात सातवीला शिकवतो. गेल्या महिन्यात 'आपल्या भागातलं धरण' हा प्रकल्प दिला. बत्तीस वह्या आल्या आणि जवळजवळ सगळ्यांत जायकवाडीची तीच माहिती, त्याच क्रमाने: १९६५ ला पायाभरणी, १९७६ ला उद्घाटन, २७ दरवाजे. एकाने तर सुवाच्य अक्षरात वाक्यावाक्यापुढे चौकटी कंस करून ३, ४, ५ असे आकडे काढले होते, म्हणजे फोनवरच्या लेखातले संदर्भांचे आकडेही तसेच उतरवले होते. विचारलं, हे काय रे? म्हणाला, "सर, तिथं होतं म्हणून लिहिलं."

याच मुलाच्या आजीचं माहेर नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, गेलंय. आजी घरातच असते, पण तिला विचारावं असं त्याला सुचलं नाही. दोष माझा. 'माहिती गोळा करा' एवढंच मी सांगितलं होतं.

माझं म्हणणं असं: माहिती पुरवणं हे शाळेचं काम आता उरलेलं नाही. 'कशावरून?' हा प्रश्न मुलाच्या तोंडी बसवणं हे पहिलं काम. प्रश्नोत्तरं उतरवून देण्यात जाणारा निम्मा वेळ यासाठी काढावा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. त्या जमावातले कितीतरी जण शाळेत गेलेले असणार.

बेरीज
सर, कळकळ पोचली, पण निष्कर्ष मान्य नाही. वीस वर्षं गणित शिकवतेय. आठवीतलं पोर सात आठे छप्पनला अडलं की समीकरण राहतं बाजूला, ते बोटं मोजत बसतं. पाठ असलेलं ओझं नसतं, त्यानेच डोकं मोकळं होतं.

आणि 'कशावरून' विचारायलाही आधी काहीतरी ठाऊक लागतं. 'उद्या जायकवाडीतून ५०० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडणार' असा निरोप फिरला, तर तो खोटा हे कोण ओळखेल? धरणात सगळं मिळून शंभरेक टीएमसीच मावतं हे ज्याला पाठ आहे, तोच. बाकीचे सामान बांधायला लागतील. माहिती फोनमध्ये आहे म्हणून ती डोक्यात नको, हे मला धोक्याचं वाटतं.

पालावरून
राईनपाड्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मी याच भटक्या जमातींच्या मुलांबरोबर काम करतो. निरोप खरा की खोटा हे तपासता आलं नाही म्हणून ती माणसं गेली, असं मला वाटत नाही. परका वेश, परकी बोली दिसली की चोर समजायचं, हे फोनच्या कितीतरी आधीचं आहे.

पालावरचं पोर वर्गात आपल्या शेजारी बसलं, त्याच्या डब्यातलं खाल्लं, तर मोठेपणी त्याच्या बापावर हात उचलताना माणूस थांबेल. हे कुठल्याच ॲपवर होत नाही, त्यासाठी वर्गच लागतो. पण आमची पोरं दिवाळीनंतर गावोगाव जातात आणि त्यांचं नाव हजेरीपटावरच राहतं. प्राधान्य ठरवायचंच तर इथून ठरवा.

दोन वर्ग एक गुरुजी
तुम्ही तिघेही बरोबर असाल, पण माझ्यापुढे पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते. पाचवीतल्या बऱ्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही, हे मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' पाहणीच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतंय. ज्याला ओळ लागत नाही, तो तपासणार काय? आधी वाचन येऊ द्या.

गोदाकाठ
बेरीजताई, टीएमसीचा मुद्दा मानला. 'माहिती पुरवणं हे काम उरलेलं नाही' हे वाक्य मागे घेतो. गुरुजींशी वाद नाही. पालावरचे दादा म्हणतात त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही. माझ्या वर्गातही अशी दोन नावं आहेत आणि दोघंही सध्या गावात नाहीत.

मात्र एक घडलं ते सांगतो. त्या मुलाला परत आजीकडे पाठवलं. चार ओळी लिहून आणल्या. आजी म्हणते, उद्घाटनाच्या आधीच आमचं गाव उठलं होतं, दारातली चिंच शेवटपर्यंत पाण्याबाहेर दिसायची. वर्गात तासभर वाद झाला: पुस्तकात १९७६, मग आजी आधीचं कसं सांगते? शेवटी एक मुलगी म्हणाली, "पाणी आधी अडवलं असंल, फीत नंतर कापली." आता त्यांना जुन्या गावाचा नकाशा हवाय, तलाठ्याकडे विचारायला निघालेत.

बेरीज
नकाशा मिळाला तर प्रमाण बघून बुडालेल्या शिवाराचं क्षेत्रफळ काढायला लावा. एकर-हेक्टर पाठ करून घ्या मात्र.