मदत हवी आहे: केडीबीमध्ये डम्पऑलनंतर 'मोअर>' येतच नाही

केडीबी म्हणजे लिनक्स कर्नलमधलाच डीबगर; उत्तर लांब असलं की ते पानागणिक 'मोअर' अशी विचारणा करून थांबतं (पेजिंग). लिनक्स कर्नल, बोर्ड सिरियल केबलवर, केजीडीबीओसी (केडीबी कुठून वापरायचं ते ठरवणारी कर्नलची सेटिंग) = टीटीवायएस०, ११५२००. माझ्या बाजूला टीमक्सच्या (टर्मिनलचे कप्पे पाडणारा प्रोग्राम) एका कप्प्यात पिकोकॉम (सिरियल केबलवर बोलणारा प्रोग्राम), कप्पा २० ओळी आणि ६० कॉलमचा. सिसआरक्यू-जी (कर्नलला थेट हुकूम देणारी कळजोडी) ने केडीबीत शिरल्यावर तीन अडचणी येतात:

१) डीमेसेज (कर्नलचा लॉग दाखवणारी आज्ञा) दिल्यावर 'मोअर>' येतो, पण पानाच्या वरच्या ओळी तोवर सरकून गेलेल्या असतात.
२) एकदा डम्पऑल चालवलं की त्यानंतर काहीच थांबत नाही, सगळं सुसाट वाहून जातं.
३) लॉग पकडायचा असतो तेव्हा पेजिंग मुद्दाम बंद करायला 'सेट लाइन्स ०' दिलं, तर उलट ते परत सुरू झालं!

(आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन, आणि लाइन्स, कॉलम्स ही नावं कॅपिटलमध्येच.)

प्रतिसाद १

दुसऱ्या अडचणीपासून सुरू करतो, कारण तिथे कोणीही फसेल. डम्पऑल ही केडीबीत आधीपासून असलेली मॅक्रो आज्ञा आहे, म्हणजे अनेक आज्ञा ओळीने चालवणारी. ती सुरुवातीलाच 'सेट लाइन्स १००००' करते आणि काम संपल्यावर जुनी किंमत परत ठेवत नाही. म्हणजे पेजिंग आहेच, पण दहा हजार ओळींनंतर. 'एन्व्ह' (केडीबीत लावलेल्या किमती दाखवणारी आज्ञा) दिलंत तर हा आकडा समोर दिसेल. डम्पसीपीयू या दुसऱ्या मॅक्रोचंही असंच. शिवाय बीटीएप्रॉम्प्टही ० होतो, त्यामुळे नंतर बीटीए (सगळ्या प्रोसेसचे बॅकट्रेस दाखवणारी आज्ञा) देताना एकेका प्रोसेसपाशी विचारणा होत नाही. तीही हवी असेल तर 'सेट बीटीएप्रॉम्प्ट १' करा.

तिसरी अडचण: लाइन्सची किंमत १ किंवा त्याहून कमी असेल, किंवा ती लावलेलीच नसेल, तर केडीबी २४ धरतं. ० म्हणजे 'बंद' नव्हे. लॉग पकडायला १०००० च द्या. आकडा सी भाषेच्या पद्धतीने वाचला जातो, म्हणून पुढे शून्य लावू नका: ०२४ चे २० होतात.

पहिल्या अडचणीचं कारण असं की सिरियल तारेवरून खिडकीचा आकार पलीकडे कधीच कळत नाही. केडीबी २४ ओळी आणि ८० कॉलम गृहीत धरतं; तुमच्याकडे २० आणि ६० आहेत. पिकोकॉम सुरू करण्याआधी त्याच कप्प्यात 'एसटीटीवाय साइझ' द्या, आलेले आकडे केडीबीत भरा, ओळी मात्र दोनने कमी:

सेट लाइन्स १८
सेट कॉलम्स ६०

प्रतिसाद २

वर २० ऐवजी १८ का, ते सांगतो. मुडपलेल्या ओळींचा हिशेब केडीबी अंदाजानेच करतं: अक्षरं भागिले (कॉलम्स + १). ८० कॉलमवर १६१ अक्षरांची ओळ पडद्यावर ३ ओळी व्यापते, पण १६१ भागिले ८१ म्हणजे १ जादा, म्हणून केडीबी २ च मोजतं. टॅबही एकच अक्षर धरला जातो. लांब ओळी जास्त असतील तर लाइन्स आणखी एक-दोनने उतरवा. २०१२ आधीच्या कर्नलमध्ये कॉलम मोजलेच जात नाहीत, तिथे लाइन्स निम्म्यावर आणणं बरं.

मात्र पानं उलटण्यापेक्षा गाळणं मला जास्त उपयोगी वाटतं. 'डीमेसेज ५०' शेवटच्या पन्नास ओळी देतं, 'डीमेसेज | ग्रेप यूएसबी' सुद्धा चालतं. 'मोअर>' वर स्पेस म्हणजे पुढचं पान, एंटर म्हणजे एक ओळ, क्यू म्हणजे बंद. नव्या कर्नलमध्ये तिथेच '/' दाबून पुढचा शोधही घेता येतो.

धागाकर्ता

१८ आणि ६० ने काम झालं, आभारी आहे. पण दुसऱ्या मशीनवर केजीडीबीओसीला 'केएमएस, केबीडी, टीटीवायएस०' (मशीनचा पडदा, कीबोर्ड आणि सिरियल) असं लावलंय. तिथे केडीबीत परत शिरलं की माझे आकडे गायब!

प्रतिसाद १

केएमएस असेल तर शिरताना कर्नलचा व्हीटी (पडद्यावरचा कन्सोल) कोड पडद्याच्या मापाने दोन्ही किमती लावतो. १९२० बाय १०८० पडदा आणि ८ बाय १६ फाँट असेल तर ६७ ओळी, २४० कॉलम, आणि तेच आकडे सिरियललाही लागू होतात. पडदा नको असेल तर केएमएस काढून टाका. हवा असेल तर शिरल्यावर एक मॅक्रो बनवा:

डेफसीएमडी पान "" "पानाचं माप"
सेट लाइन्स १८
सेट कॉलम्स ६०
एंडेफसीएमडी

(मॅक्रोचं नाव आणि वर्णनही रोमनमध्येच द्या.) मग दर वेळी, आणि डम्पऑलनंतरही, नुसतं 'पान' द्यायचं. मॅक्रो रीबूटपर्यंतच टिकतो. आणि बोर्डावर हार्डवेअर वॉचडॉग (वेळेवर टिचकी मिळाली नाही तर बोर्ड रीसेट करणारा टायमर) चालू असेल तर तो आधी बंद करा. 'मोअर>' वर थांबलेलं असताना त्याला कोणी टिचकी देत नाही आणि वाचता वाचताच बोर्ड रीसेट होतो.