मदत हवी आहे: फळमाशीच्या अंडपेशीत ऑस्कर आरएनएवरील दडपण नेमके कसे उठते?

फळमाशीच्या अंडपेशीला जोडलेल्या १५ पोषक पेशी ऑस्कर जनुकाचा संदेशवाहक आरएनए तयार करून अंडपेशीत पाठवतात, आणि किनेसिन या वाहक प्रथिनाच्या मदतीने तो मागच्या टोकाला पोहोचेपर्यंत त्यापासून प्रथिन बनू दिले जात नाही, इथपर्यंत मला समजले आहे. ब्रुनो हे प्रथिन या आरएनएच्या शेवटाकडील अभाषांतरित (ज्यापासून प्रथिन बनत नाही अशा) भागाला चिकटते आणि कप या प्रथिनाला सोबत आणते. प्रथिननिर्मिती सुरू होण्यासाठी ईआयएफ४ई आणि ईआयएफ४जी ही दोन प्रथिने एकमेकांना जोडली जावी लागतात; कपने ईआयएफ४ई धरून ठेवल्यामुळे ईआयएफ४जीला तेथे जागाच मिळत नाही. हा भाग मोठा सुबक आहे.

अडचण पुढे आहे. त्याच आरएनएवर स्टाउफेन आणि ऑर्ब ही प्रथिनेही असताना, टोकाला पोहोचल्यावर ब्रुनो सुटून जातो, की जागेवरच राहून त्याची पकड फक्त सैल होते?

शिवाय, अंडाशयाच्या अर्कातून ब्रुनोला प्रतिपिंडाने (त्यालाच पकडणाऱ्या प्रथिनाने) ओढून काढताना त्याच्याबरोबर एखादे दुसरे प्रथिन खाली आले, पण आरएनेज हे आरएनए तोडणारे विकर घातल्यावर ते येईनासे झाले, तर ती दोन्ही एकाच आरएनएवर केवळ शेजारी बसली होती असे म्हणावे, की परस्परांना चिकटण्यासाठीच त्यांना आरएनए लागतो असेही म्हणता येईल? ब्रुनो आणि ते प्रथिन यांच्या जनुकांची एकेक प्रत निकामी असलेल्या माश्यांवरून याचा निकाल लागेल असे मला वाटत नाही. त्यामुळे या दोन शक्यता वेगळ्या करणारा प्रयोग कोणास माहीत असल्यास कृपया सांगावा.