मदत हवी आहे: बाबांना चहाचे मळे आणि गेंडा दाखवायचाय, गुडघे दुखतात, इंदूरहून ९ दिवस

इंदूरवाली_लेक:

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि सियागंजात त्यांचं खुल्या चहापत्तीचं छोटं दुकान होतं, ३८ वर्षं चालवलं त्यांनी. लहानपणी आम्ही पाहिलंय, प्लायवूडच्या पेट्या यायच्या, नंतर नंतर कागदी पोती, त्यावर मळ्याचं नाव छापलेलं असायचं आणि बाबा मूठभर दाणा तळहातावर घेऊन वास घ्यायचे आणि सांगायचे हा आसामचा, हा डुआर्सचा (म्हणजे उत्तर बंगालातला हिमालयाच्या पायथ्याचा भाग). पण चहाचं झुडूप त्यांनी आजवर डोळ्याने पाहिलेलं नाही. दुकान मागच्या वर्षी बंद केलं, तेव्हापासून ते घरात गप्प गप्प असतात, आणि परवा आईने सहज विचारलं कुठे जायचंय का तर म्हणाले, मळा बघायचाय आणि जमलं तर एकदा गेंडा. त्यांनी काही मागितल्याचं मला आठवतच नाही हो, म्हणून हे नीट व्हावं असं फार वाटतंय.

दिवाळीनंतर नोव्हेंबरच्या मध्यावर जायचं ठरतंय, आम्ही चौघं, आई, बाबा, मी आणि माझा १२ वर्षांचा मुलगा. इथल्या एका टूरवाल्याने जो प्लॅन दिला त्यात ६ रात्रींत गंगटोक, नथू ला खिंड, दार्जिलिंग, जलदापाऱ्याचं जंगल सगळं कोंबलंय, रोज ५-६ तास गाडीत. नथू ला ४,३०० मीटरच्या वर आहे, तिथे या वयात त्यांना न्यायची माझी तरी हिंमत नाही. मी नाही म्हटलं तर आगाऊ दिलेले पैसे परत करायला दीड महिना लावला, असो.

मग मीच बसून कागदावर मांडलं, कोलकात्यापर्यंत विमान, तिथून सियालदाहहून रात्रीची गाडी न्यू जलपायगुडीला, मग २ रात्री लाटागुडी (डुआर्सातलं, गोरुमारा जंगलालगतचं गाव), २ कालिम्पाँग, २ दार्जिलिंग. महूहून कामाख्याला जाणारी साप्ताहिक गाडी आहे, ती इंदूरहून थेट न्यू जलपायगुडीला नेते पण इतका वेळ बसून बाबांचे पाय सुजतात. विचारायचंय हे की दार्जिलिंगच्या चढउतारात गुडघेवाल्या माणसाचं कसं होतं, आणि नोव्हेंबरात चहाची फॅक्टरी चालू सापडेल का? मळा नुसता लांबून बघून त्यांचं समाधान होणार नाही, त्यांना दाणा बनताना बघायचाय.

बडोद्याचा_भटक्या:

ताई, आमच्या काकांना घेऊन मी हाच भाग केलाय म्हणून सांगतो. बाबांनी विकला तो दाणेदार चहा म्हणजे सीटीसी, आणि तो डुआर्स-आसामकडचा. दार्जिलिंगला बहुतेक पान वळवून सुकवलेला ऑर्थोडॉक्स चहा बनतो, तो बघून त्यांना मजा येईल पण आपला माल ओळखीचा वाटणार नाही. तेव्हा फॅक्टरी डुआर्सातच दाखवा. नोव्हेंबरात तोडणी चालू असते, थंडी वाढली की थांबते, त्यामुळे डिसेंबरवर ढकलू नका. रविवारी मळ्याला सुट्टी असते, आणि फॅक्टरीत आयत्या वेळी जाऊन कोणी आत घेत नाही, राहाल तिथल्या माणसाला आदल्या दिवशी विचारायला सांगा.

दुसरं, गुरुवार सांभाळा. गोरुमारा गुरुवारी बंद आणि दार्जिलिंगचं प्राणीसंग्रहालय, जिथे लाल पांडा आहे, तेही गुरुवारीच बंद. गोरुमाऱ्यात जात्राप्रसाद टॉवरची सफारी मागा (जात्राप्रसाद हे वनखात्याच्या एका हत्तीचं नाव, त्याच्यावरून पडलंय). खाली मूर्ती नदीकाठी मिठाची जागा आहे, गेंडे, गवे चाटायला येतात, आम्हाला २ गेंडे दिसले. सफारीच्या उघड्या जिप्सी गाडीची पायरी उंच असते, घरून छोटं प्लास्टिकचं स्टूल न्या, काकांना त्याचा फार उपयोग झाला. जलदापाऱ्यात होलोंगचा जुना लाकडी बंगला होता तो २०२४ च्या जूनमध्ये जळाला, कोणी त्याच्या नावाने बुकिंग देत असेल तर नीट चौकशी करा.

दार्जिलिंगला चौरस्ता नावाच्या मुख्य चौकात गाड्या जात नाहीत, सामान आणि माणूस दोन्ही चालत, त्यामुळे खोली ठरवताना एकच प्रश्न विचारा, गाडी दारापर्यंत येते का. टायगर हिलच्या सूर्योदयासाठी पहाटे ३-४ ला उठवू नका त्यांना. ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालणारा मॉल रोड बराचसा सपाट आहे, आकाश साफ असेल तर तिथूनच कांचनजंगा दिसतं. आगगाडीची हौस असेल तर दार्जिलिंग ते घुम ही छोटी फेरी करा, न्यू जलपायगुडीपासून पूर्ण प्रवास नको, दिवस जातो. आणि हो, न्यू जलपायगुडीहून अलिपूरद्वारकडे काचेच्या डब्याची गाडी आहे, सेवक ओलांडलं की जंगल आणि मळे यांच्यामधूनच जाते, न्यू मालला उतरलात की लाटागुडी जवळ. टॅक्सीपेक्षा बाबांना हेच आवडेल, कोणत्या दिवशी धावते ते आधी बघून घ्या.

इंदूरवाली_लेक:

दादा, खूप खूप आभार, हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि दुकानाची जुनी वही घेऊन आले, कोणत्या वर्षी कोणत्या मळ्याचा माल आला ते सगळं लिहिलेलं आहे त्यात, त्यातली डुआर्सची नावं त्यांनी लाल पेनने रंगवून ठेवलीत आता. म्हणाले दार्जिलिंग राहू दे, तिथे खर्च करू नको, डुआर्सात ३ दिवस वाढव. आईला मात्र कांचनजंगा बघायचंय म्हणून कालिम्पाँगच्या २ रात्री ठेवल्यात, तिथल्या डेलो टेकडीवरून दिसतं असं वाचलं.

आता एकच राहिलंय. तिकीट ६० दिवस आधी उघडतं, त्याच्या आत राहायचं पक्कं करायचंय. लाटागुडीला तळमजल्यावर खोली, कमोड, आणि साधं डाळ-भात मिळेल अशा ठिकाणी कोणी स्वतः राहून आलंय का? आणि मळ्याच्या लोकांशी बोलायला हिंदी चालते का, बाबांना त्यांना वही दाखवायचीय.